साळूबाईंनी निवडलेली खाडी

आमच्या शहरापासून जवळात जवळचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटरवर आहे आणि तरीही गेली तीन वर्षं समुद्राचा चिखल माझ्या कपाटात मुक्कामाला आहे. माझं कपाट म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातलं, खिडकीशेजारचं, लोखंडी. बावीस वर्षं त्यात मी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, माझा डबा आणि एक स्वेटर असा सुखाचा संसार मांडला होता. मी सुदर्शन, प्रयोगशाळा सहायक. माणूस वाईट नाही, पण माझ्या कपाटाला कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

हात लावला तो सोनिया मॅडमनी. मॅडम जन्मल्या औरंगपुऱ्यात, वाढल्या औरंगपुऱ्यात, पोहायला त्यांना आजही येत नाही आणि अभ्यासाला विषय निवडला खाडीचा चिखल. त्यांचं म्हणणं असं. कोकणातल्या एका खाडीत कांदळवन तोडलं गेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी ते पुन्हा लावलं, झाडं डोक्याच्या वर गेली, सगळे खूश झाले. पण झाडं आली म्हणजे खाडी परत आली असं होत नाही. झाडांच्या मुळाशी, चिखलात, डोळ्याला धड न दिसणारे हजार जीव राहतात. त्यांच्यावर खेकडे जगतात, मासे जगतात, बगळे जगतात. ते परत आलेत का, हे कुणी पाहिलं होतं?

कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाहणं फार कटकटीचं होतं. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं. थोडा चिखल नव्या झाडांखालचा, थोडा जुन्या न तोडलेल्या झाडांखालचा, थोडा उघड्या जागेतला घ्यायचा. बारीक चाळणीवर धुवायचा. चाळणीवर जी वाळू आणि जे जीव उरतील ते बाटलीत भरायचे, टिकण्यासाठी औषध घालायचं आणि गुलाबी रंग टाकायचा. रंग जीवांना चढतो, वाळूला चढत नाही. मग ती बाटली इथे आणून, औषध धुऊन, पांढऱ्या ताटलीत ओतायची आणि भिंगाखाली एकेक जीव उचलून वेगळा करायचा. अशा बाटल्या एकशे बारा. त्या सगळ्या माझ्या कपाटात, माझ्या स्वेटरवर.

उचलायला आधी विद्यार्थी बसवले. शिवम नावाचा एक हुशार मुलगा होता, त्याला पहिल्या बाटलीला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला की पोरगा वरणातली मोहरी चमच्याने वेगळी काढून मोजतोय. मग आलेल्या एका मुलीला झोप लागली आणि ती ताटलीवरच टेकली. उठली तेव्हा गालाला वाळू आणि एक गुलाबी अळी. महिन्याभरात सात मुलं आली, सात गेली. बाटल्या झाल्या तीन. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, हा वेग धरला तर माझं कपाट माझ्या निवृत्तीनंतर मोकळं होईल." मॅडम हसल्या नाहीत. काही माणसांना वेळेवर हसता येत नाही.

त्याच आठवड्यात मॅडम ज्वारी आणायला औरंगपुऱ्यात चांदपाशाभाईंच्या भुसार दुकानात गेल्या. दुकानाच्या मागच्या पडवीत साळूबाई बसल्या होत्या. साठीच्या आसपास, मूळच्या चितेगावच्या, समोर ताट आणि ताटात गहू. चांदपाशाभाईंकडे चाळीस वर्षं त्या धान्य निवडत होत्या. चांगली घरं मुद्दाम सांगायची की आमचे गहू साळूबाईंच्याच हातून जाऊ द्या. पण आता सगळं यंत्रावर साफ होऊन पिशवीत येतं, त्यामुळे आठवड्यात दोन दिवसांचंच काम उरलं होतं. मॅडम ज्वारी विसरल्या आणि वीस मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. साळूबाईंची बोटं ताटावरून फिरत होती, आणि खडा, कोंडा, सोंडा किडा जे काय असेल ते बाजूला पडत होतं. गप्पा चालू, हात चालू, नजर तर मॅडमकडेच.

"क्या देखरे मॅडम," चांदपाशाभाई म्हणाले, "गहू नै कभी देखा?"

दुसऱ्या दिवशी साळूबाई आमच्या विभागात हजर. मी नाराज होतो, हे कबूल करतो. विज्ञानाची प्रयोगशाळा आहे, धान्याचा मोंढा नाही, असं मी मॅडमना ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटलो. मॅडमनी साळूबाईंना ताटली दिली, भिंग दिलं, दिवा लावून दिला आणि म्हणाल्या, "मावशी, हे निवडायचं." इतकंच बोलल्या आणि तासाला निघून गेल्या. शिकलेल्या माणसांना वाटतं आपण बोललो ते पुरेसं झालं.

दोन तासांनी मॅडम आल्या तेव्हा साळूबाईंनी ताटली पुढे केली. ताटलीत वाळू, इतकी स्वच्छ की तिच्यात देवपूजेची घागर ठेवावी. एकही जीव नाही.

"घ्या म्याडम," साळूबाई म्हणाल्या. "एक कस्पट ठिवलं नाय. लई किडं होतं बगा तुमच्या मालात. कुण्या दुकानदारानं दिला व्हता ह्यो?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, किडे कुठे आहेत. मी खिडकीकडे धावलो, कारण ती उघडी होती आणि खिडकीखाली कचऱ्याचा डबा होता. पण धान्य निवडणाऱ्यांची एक रीत असते. काढलेली घाण फेकायची नाही, मालकाला दाखवायची, म्हणजे काम झाल्याची त्याला खात्री पटते. साळूबाईंनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण समोर ठेवलं. झाकणात थोडं पाणी आणि पाण्यात खाडीचे सगळे रहिवासी, गुलाबी, शिस्तीत, आणि वर जातवार ढीग केलेले. अळ्या एकीकडे, गोगलगाई एकीकडे, शिंपले एकीकडे.

मॅडमनी मोजले. एकेचाळीस. मग ती स्वच्छ वाळू भिंगाखाली घेऊन तासभर तपासली. काही नाही. मग मॅडम खुर्चीवरून घसरून फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदा पाहिलं. साळूबाईंना काही कळेना, पण समोरचा हसतोय म्हणून त्याही हसल्या, आणि मग मीही हसलो, कारण एकट्याने नाराज राहणं फार अवघड असतं.

तेव्हापासून आमच्या विभागाला एक प्रकारची नशा चढली. साळूबाईंनी चिमटा परत केला. त्यांना केरसुणीची एक काडी हवी होती. तिचं टोक ओलं करून त्या जीव असा उचलत की त्याचा पायही मोडत नसे. बाटली ओतली की आधी ताटलीत पाणी घालून त्या ती रोळत, म्हणजे तांदळातले खडे काढताना बायका भांडं जसं हळूहळू फिरवतात तसं. जड वाळू खाली बसे, हलके जीव वर येत. मॅडम म्हणाल्या, यावर परदेशात लोकांनी निबंध लिहिलेत. साळूबाई म्हणाल्या, "मंग त्यांच्या घरचे तांदूळ चांगले असत्याल."

खरी गंमत वाट्यांची. साळूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. लॅटिन नावांची चिठ्ठी लावून उपयोग नव्हता. त्यांनी प्रत्येक जातीला एक वाटी दिली आणि वाटीसमोर एक दाणा ठेवला. काळसर निमुळती गोगलगाय ती कारळं. चपटा तकतकीत शिंपला तो जवस. बारीक गोल ते राळे. नळीत राहणारी अळी म्हणजे शेवई. पुढे सोंड असल्यासारखा कुबडा प्राणी तो अर्थातच सोंडा. मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला, डावीकडे दाणे चिकटवलेले, उजवीकडे शास्त्रीय नावं. मुलांनी डावी बाजूच पाठ केली. वार्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला गोगलगाय दाखवून ओळखायला सांगितली, तर ती ठामपणे म्हणाली, "सर, कारळं." परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

माझंही काही खरं राहिलं नाही. बायको म्हणायची, पोह्यातली मोहरी बघून हसता काय. साळूबाईंच्या नवऱ्याने, कडुबांनी, गल्लीत सांगून ठेवलं होतं की बायको सरकारी समुद्र साफ करते. गल्लीतल्या बायका त्यांना बघून विचारायच्या, "हात धुतले का गं?" साळूबाई म्हणायच्या, "धुतलं. तुमी मासं खाता तवा इचारता का ते काय खाऊन आलं?"

पहिलीसारख्या विरळ बाटल्या थोड्याच होत्या, काहींत तर हजारावर जीव निघाले. तरी चौदा महिन्यांत एकशे बारापैकी एकशे बारा बाटल्या झाल्या. पुढच्या मोसमाच्या आणखी नव्वद कोकणातून यायच्या होत्या. आणि तेव्हाच किनाऱ्यावरच्या त्या संस्थेचं पत्र आलं, जिच्या परवानगीने हा सगळा अभ्यास चालला होता.

पत्र साधं होतं. निवड किती नीट झाली हे पाहायला संस्थेच्या डॉ. नजमुन्निसा येतील. निवडून झालेली वाळू आम्ही फेकत नव्हतो, नियमच होता. एकशे बारातल्या कुठल्याही अकरा बाटल्यांची वाळू त्या पुन्हा तपासणार. शंभर जिवांमागे पाचपेक्षा जास्त सुटलेले आढळले, तर सगळ्या बाटल्या बाद. त्या आणि पुढच्या नव्वद किनाऱ्यावरच्या प्रशिक्षित माणसांकडे जाणार.

मॅडमनी साळूबाईंना सगळं सरळ सांगितलं. साळूबाईंची काडी थांबली.

"म्हंजी मला घरी बसवत्याल?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "पाचपेक्षा जास्त निघाले तर, हो."

त्या दुपारी मी चहा घेऊन गेलो तर साळूबाई रिकाम्या ताटलीकडे बघत बसल्या होत्या. मी आपलं काहीतरी म्हटलं, की मावशी, वय झालं, आराम करा. मला वाटलं मी धीर देतोय.

"सुदर्शनभाऊ," त्या म्हणाल्या, "चाळीस वरसं म्या टाकायचंच हुडकीत आले. दाणा ठिवला का नाय ते मालक बगायचा, म्या निस्ती घाण बगायची. हितं पैल्यांदाच ठिवायचं हुडकायलेय. एकेक जीव काडीवर घेतला की वाटतं, ये बाबा, तुला जागा करून ठिवलीय. मला ह्ये काम पायजे. लई पायजे."

मी चहा ठेवला आणि पळालो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि प्रयोगशाळा सहायकाला ते शोभत नाही.

डॉ. नजमुन्निसा सोमवारी आल्या. आम्ही फरशी पुसली होती, बाटल्या ओळीत लावल्या होत्या, मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायऱ्या चढून आल्या त्या साठीच्या, बुटक्या, चाकांची बॅग स्वतः ओढत. मूळच्या इथल्याच, पस्तीस वर्षांपूर्वी समुद्राकडे गेलेल्या, पण बोली इथेच ठेवून गेल्या नव्हत्या.

"चाय बाद में," त्या म्हणाल्या. "खिडकी बंद करो, भिंग इदर लगाओ, और कोई मेरे पीछे खडे नै रैना."

त्यांनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवत अकरा बाटल्या काढल्या. पहिली उघडली. आम्ही बाहेर व्हरांड्यात. साळूबाई पायरीवर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पाऊण तासाने आतून आवाज आला, "सिफर." म्हणजे शून्य. दुसरी, सिफर. तिसऱ्या बाटलीत काहीतरी सापडलं, मॅडम दाराशी धावल्या. पण ती एका अळीची नुसती शेपटी होती. शेपटी मोजत नाहीत, डोकं असेल तरच मोजतात, नाहीतर एका अळीचे दोन जीव व्हायचे. चौथी सिफर. संध्याकाळपर्यंत सहा झाल्या, मंगळवारी दिवस कलेपर्यंत अकरा. अकरा बाटल्या, अकरा सिफर.

शिवम, जो एव्हाना मोहरीतून बरा झाला होता, नाचायलाच लागला. मी मिठाई सांगायला निघालो. तेवढ्यात डॉ. नजमुन्निसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ये नै हो सकता," त्या म्हणाल्या. "तीस साल से तपासते मैं. दोन सुटतात, तीन सुटतात, अच्छे से अच्छा माणूस असला तरी एक सुटतो. अकरा बाटल्यांत एकही नाही, याचा अर्थ ही वाळू मागून पुन्हा धुतली आहे. नाहीतर ही खाडीची वाळूच नाही."

मॅडम लाल झाल्या. माझं डोकं फिरलं, आणि या खेपेला प्रश्न कपाटाचाही नव्हता. मी म्हणणार होतो की बाई, तुम्ही साठ वर्षांच्या असाल, मोठ्या असाल, पण. तेवढ्यात साळूबाई दारात आल्या.

"मालात घाण ऱ्हायली म्हून लोक वरडल्यालं बगितलं हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हायली नाय म्हून वरडायलेत, ह्ये नवंच."

डॉ. नजमुन्निसांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "निवडणारी तुम?"

"व्हय."

"सुबू मेरे सामने निवडोगी?"

"आत्ता बी निवडते."

पण सकाळचं ठरलं, कारण उजेड उतरला होता. त्या रात्री मी तीनदा उठून पाणी प्यालो. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्या कपाटाचा निकाल आहे उद्या. तिला मी काय बोलतोय ते गेली बावीस वर्षं कळतच नाही.

बुधवारी डॉ. नजमुन्निसांनी बॅगेतून एक बरणी काढली. तिच्यात किनाऱ्यावरची वाळू होती. ही परीक्षेची वाळू, त्यांनी सांगितलं, मी स्वतः दोनदा साफ केलेली, हिच्यात काही नाही. मग एका छोट्या कुपीतून त्यांनी गुलाबी जीव काढले आणि एकेक करून वाळूत सोडले. साक्षीदार म्हणून मला उभं केलं. मी मोठ्याने मोजले. पंचवीस. त्यांनी कागदावर पंचवीस लिहिलं, कागद उलटा ठेवला, वाळू ढवळली आणि साळूबाईंना आत बोलावलं. आकडा त्यांना कुणी सांगायचा नाही. पंचवीसपैकी चोवीस निघाले तर काम राहणार, तेवीस निघाले तर जाणार.

साळूबाईंनी ताटली ओढली. पाणी घातलं. रोळायला सुरुवात केली. खोलीत फक्त वाळूचा आवाज, आणि माझ्या पोटाचा, कारण मी नाश्ता केला नव्हता. तासाभरात वाटीत एकोणीस आले. मग वीस, मग बराच वेळ काही नाही. मी मनात देवाला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. एकवीस. बावीस आणि तेवीस एकाच वेळी, एकमेकांना चिकटलेले. मग चोवीस. मॅडमनी माझा हात इतका दाबला की नखं रुतली. अजून दहा मिनिटांनी पंचवीस.

मी श्वास सोडला. मॅडमनी डोळे पुसले. डॉ. नजमुन्निसांनी कागद सरळ करायला हात पुढे केला. पण साळूबाई उठल्याच नाहीत. त्या रोळत राहिल्या.

"मावशी, झालं," मी म्हटलं.

"नाय झालं."

"अहो, झालं म्हणतोय ना."

"भाऊ, तुमी निवडायलेत का म्या?"

मी स्टुलावर जाऊन बसलो. अर्धा तास गेला. मग त्यांनी काडीचं टोक ओलं केलं, ताटलीच्या कडेला टेकवलं, उचललं आणि वाटीच्या कोपऱ्यात सोडलं. आम्हाला काहीच दिसलं नाही.

"आता झालं," त्या म्हणाल्या. "सव्वीस."

खोलीत सगळे एकदम माझ्याकडे वळले.

"मी नाही," मी म्हटलं. "मी पंचवीसच मोजले. मोठ्याने मोजले. मला पंचवीसपर्यंत येतं." मॅडमही माझ्याकडे अशा बघत होत्या की मला खरंच वाटायला लागलं, मी बाहीतून एखादा टाकला की काय. मी शर्टाच्या बाह्या झटकून दाखवल्या. साळूबाईंनी माझी दया येऊन मान हलवली, त्याने तर मी अजूनच चोर दिसलो.

डॉ. नजमुन्निसांनी वाटी भिंगाखाली घेतली. एक मिनिट. दोन मिनिटं. पंचवीस जीव गुलाबी होते. सव्विसावा गुलाबी नव्हताच. वाळूच्याच रंगाचा, खसखशीएवढा एक शिंपला, आत औषधात टिकलेला जीव, दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या. त्याला रंग कधी लागलाच नव्हता. तो कुपीतून आला नव्हता. तो बरणीतच होता, त्यांच्या स्वतःच्या हाताने दोनदा साफ केलेल्या वाळूत.

"ये तो मेरा है," त्या अगदी हळू म्हणाल्या.

त्यांनी बरणी उचलून उजेडाकडे धरली.

"उन्नीस साल," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी याच वाळूवर लोकांना नापास करतेय."

आणि मग त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग सगळी बाई हलली, मग टेबल हललं. मॅडमनी वाटी वाचवली. त्या चष्मा काढून डोळे पुसायच्या, पुन्हा भिंगात बघायच्या, पुन्हा हसायच्या. मध्येच मला म्हणाल्या, "तुम्हारी बी माफी मांगती, बाहीवाले." शिवम हसत हसत खाली बसला. मी हसलो नाही. मी पाच मिनिटं मानाने उभा राहिलो, मग हसलो.

जरा शांत झाल्यावर त्यांनी साळूबाईंना जवळ बसवलं आणि विचारलं, हा दिसला कसा, याला रंग नाही, आकार नाही.

"दिसला नाय," साळूबाई म्हणाल्या. "वाळू रोळली की बसती. ह्यो बसंना. समदी बसली तरी ह्यो आपला फिरतच व्हता. म्हनलं, ह्याला कुणी आजवर धरलाच नाय."

डॉ. नजमुन्निसांनी अहवालाचा छापील कागद पुढे घेतला. अकरा बाटल्यांपुढे अकरा सिफर लिहिले आणि सही केली. आमची एकशे बारा मान्य झाली, पुढची नव्वद साळूबाईंकडेच राहिली. त्या एकशे बारा बाटल्यांचा अर्थही मॅडमनी नंतर महिनाभर आकडे जुळवून काढला. नव्या झाडांखाली जुन्या झाडांइतके जीव अजून आलेले नाहीत, पण उघड्या जागेपेक्षा तिप्पट आले आहेत. खाडी परत येते आहे, सावकाश.

जाताना डॉ. नजमुन्निसांनी साळूबाईंना विचारलं, "मेरेकने ऐशा चौदा बरण्या है. सब मैंने साफ किये. भेजूँ?"

साळूबाईंनी जरा विचार केला. "धाडा," त्या म्हणाल्या. "पर घाई करायची नाय."

तीन आठवड्यांनी पोस्टमन खोकं घेऊन आला. मी सही करायला पुढे झालो, कारण विभागाचं सगळं टपाल मीच घेतो. त्याने खोकं मागे ओढलं. म्हणाला, नावाने आहे, त्यांनाच द्यायचं. मी खोक्यावरचं वाचलं. साळूबाई कडुबा दांडगे, नमुना तपासनीस, प्राणिशास्त्र विभाग. मी हाक मारली. साळूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या नावाने आयुष्यात कधी काही आलं नव्हतं, लग्नाची पत्रिकासुद्धा कडुबांच्या नावाने येते. त्यांनी खोक्यावरचं नाव बोटाने एकेक अक्षर लावत वाचलं, पुढच्या शब्दापाशी थांबल्या, तोही वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. तोंड मात्र हसत होतं.

पोस्टमनला घाई होती. त्याने पेन पुढे केलं आणि विचारलं, तपासनीस कोण, तुम्हीच का?

"व्हय," साळूबाई म्हणाल्या. "मीच."